पिवळ्या पट्टीची चाचणी

सकाळचे अकरा वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि खडकसावंगीच्या बसस्थानकावर एकही आंधळा माणूस मिळेना.

वाहतूक नियंत्रक महालिंगअप्पा कोरे तिसऱ्यांदा केबिनबाहेर आले आणि पाचही फलाटांवर नजर फिरवून परत आत गेले. प्रवासी चिक्कार होते. म्हातारे होते, लंगडे होते, एकाचा हात गळ्यात बांधलेला होता. डोळे मात्र सगळ्यांचे ठणठणीत.

"संघप्रिया, त्या खंदारे सरांना परत फोन लाव."

"लावला अप्पा. उचलंनात. गाडीत असतील," संघप्रिया म्हणाली. ती स्थानकावरची लिपिक, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. अप्पांच्या सगळ्या घोराचं मूळ तिच्या समोरच्या कागदावर होतं. विभागाच्या कार्यालयातून ते पत्र आलं होतं. स्थानक दृष्टिहीन प्रवाशांसाठी सुगम करण्याचं काम पूर्ण झाल्याचं कळवलंत, अभिनंदन. आता नवीन साहेब बारा वाजता स्वतः पाहणीला येतील. त्याआधी साडेअकरापर्यंत प्रत्यक्ष चाचणी घेऊन फोटोसह अहवाल पाठवावा. फोटोत कर्मचारी दिसू नयेत.

काम पूर्ण झालं होतं हे खरंच. फाटकापासून फलाटापर्यंत पिवळ्या खडबडीत फरशांची पट्टी टाकली होती, म्हणजे आंधळ्या माणसाला पायाखाली रस्ता कळावा. लांब रेघांची फरशी म्हणजे सरळ चाला, टिपक्यांची म्हणजे थांबा, वळा. हे पत्रकात लिहिलं होतं, आणि पत्रक गवंडी माणिकरावांनी सिमेंटच्या पोत्याखाली दाबून ठेवलं होतं. मधे गावातल्या एका वजनदार माणसाची रसवंती येत होती. रसवंती हलवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून माणिकरावांनी पट्टीच तिच्याभोवती फिरवली. त्या वळणात फरशा संपल्या. चौकशीच्या खिडकीपर्यंत जायची पट्टी मग तीन नंबरच्या फलाटावरच थांबली. टिपक्यांच्या फरशा उरल्या होत्या, त्या त्यांनी लिंबाच्या झाडाभोवती फुलासारख्या बसवल्या. लोकांना ते फूल आवडलं.

ब्रेलची पाटीही आली होती. पोरं तिच्यावर खरडतील म्हणून अप्पांनी ती सात फुटांवर ठोकायला लावली, आणि धूळ बसू नये म्हणून वरून काच.

अप्पांची नोकरी एकतीस वर्षांची. एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही मेमो मिळाला नव्हता, आणि निवृत्तीला सहा महिने उरले होते. कोरी सेवापुस्तिका घेऊन घरी जायचं, ही त्यांची एकच इच्छा. सिद्धोधन खंदारे हे गंगाखेडच्या एका शाळेत इतिहास शिकवणारे दृष्टिहीन शिक्षक. साडेदहाला येतो म्हणाले होते. त्यांनी दगा दिला तर फोटो नाही, फोटो नाही तर अहवाल नाही, आणि अहवाल नाही तर एकतीस वर्षं पाण्यात.

"असं करू," अप्पा एकदम म्हणाले. "मीच चालतो."

"तुमी?"

"फोटोत डोळे थोडेच दिसायलेत. काळा गॉगल हाय का कोणाकडं?"

गॉगल रसवंतीवर मिळाला. काठी म्हणून झाडूचा दांडा पांढऱ्या रंगात बुडवून आणला. खाकी शर्ट चालणार नव्हता, म्हणून अप्पांनी दारामागे टांगलेला शिपायाचा चौकड्याचा शर्ट चढवला. खाली खाकी पँट राहिली, पण खाकी पँट काय, निम्मा जिल्हा घालतो. चष्मा काढून त्यांनी संघप्रियाच्या हातात दिला. त्या चष्म्याचा नंबर उणे नऊ होता. तो उतरला की अप्पांना पाच हातांवरचा माणूस आणि खांब सारखाच दिसे.

"एवढ्यानं भागतंय की अप्पा," संघप्रिया म्हणाली.

"न्हाई. चाचणी म्हणजे चाचणी. खोटं काम मला जमत न्हाई," अप्पा म्हणाले आणि गॉगलखाली दोन्ही डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवले.

फाटकापासून चाल सुरू झाली. अप्पा दांडा ठोकत निघाले, संघप्रिया मागे मागे सरकत मोबाईलवर फोटो काढत होती. "जरा मान वर, अप्पा. हसू नका. आंधळी माणसं उगीच हसत न्हाईत." रसवंतीच्या वळणावर अप्पांचा खांदा घाण्याच्या चाकाला घासला. उसाचा चोथा पायाला लागला. पण ते थांबले नाहीत. इतक्यात केबिनमधला फोन खणखणला. हा फोन फक्त विभागाचा. संघप्रिया "आले, आले" करत धावली. तिला वाटलं, अप्पांनी ऐकलं. अप्पांना वाटलं, फोटो काढायला ती पुढे गेली.

त्या सबंध पट्टीचं एकच टोक अगदी शास्त्रशुद्ध जमलं होतं. तीन नंबरच्या फलाटावर ती जिथे संपे, तिथेच बरोबर गाडीचं दार येई.

"या काका, पायरी हाय. सांभाळून," एका बाईचा आवाज आला आणि एका हाताने अप्पांचा दंड धरला.

चढतानाचाही फोटो घ्यायचा दिसतोय, पोरगी हुशार आहे, वाहकालाही सांगून ठेवलंय, असं मनात म्हणत अप्पा वर चढले. हाताने त्यांना अलगद सीटवर बसवलं. अप्पांनी मान वर केली. हसले नाहीत. आणि घंटी वाजली. टण टण.

वास्तविक तीन नंबरवरची गंगाखेड गाडी साडेअकराला सुटायची. या स्थानकाचं वेळापत्रक अप्पांना झोपेत विचारलं तरी तोंडपाठ. पण साहेब येतील तेव्हा फलाट मोकळे, स्वच्छ दिसावेत म्हणून सगळ्या गाड्या वीस मिनिटं आधी काढा, असा आज सकाळी हुकूम निघाला होता. तो हुकूम अप्पांचाच होता.

गाडी फाटकातून बाहेर पडून डांबरीला लागली तेव्हा अप्पांनी गॉगल, कापूस सगळं ओढून काढलं. समोर उजेड होता, रंग होते, आकार म्हणून काही नव्हतं.

"थांबवा! गाडी थांबवा! मी कंट्रोलर हाय!"

वाहक बबिता आणि गाडीचा चालक, दोघंही दुसऱ्या डेपोतून आजच पहिल्यांदा इकडच्या मार्गावर आले होते. ती तिकिटाचं मशीन सांभाळत जवळ आली. "काय झालं काका? कुठं जायचंय?"

"कुठंच जायचं न्हाई. मी इथला वाहतूक नियंत्रक. महालिंग कोरे."

बबिताने चौकड्याच्या शर्टाकडे, पांढऱ्या दांड्याकडे आणि शर्टाला चिकटलेल्या चोथ्याकडे पाहिलं. "ओळखपत्र?"

"ते माझ्या शर्टात हाय."

"मग दाखवा की."

"ह्या शर्टात न्हाई. माझ्या शर्टात. हा शिपायाचा हाय."

"बरं. मग दिव्यांगाचा पास?"

"मी आंधळा न्हाई हो बाई!"

गाडीतल्या माना वळल्या. पलीकडच्या सीटवरच्या सगुणाबाई इतका वेळ डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होत्या. त्यांनी पदर खाली घेतला. "आगं माय! आंधळा न्हाई? मग त्या सीटवर कामून बसलास बाबा? ती दिव्यांगाची जागा हाय. चांगले डोळे देलेत देवानं अन् सोंगं करतो व्हय?"

"आजी, मला दिसत न्हाई."

"आताच म्हणलास दिसतंय!"

"दिसतंय, पण चष्मा न्हाई."

"कुठं हाय चष्मा?"

"संघप्रियाकडं."

"ही कोण आता?" मागून कोणीतरी विचारलं, आणि गाडी हसली.

अप्पांची दोन्हीकडून कोंडी झाली. आंधळा म्हणावं तर पास नाही, कर्मचारी म्हणावं तर ओळखपत्र नाही, आणि डोळस म्हणावं तर खिडकीबाहेर जे हिरवं होतं ते ज्वारी की शाळेची भिंत हे सांगता येत नव्हतं. बबिताला मात्र त्यांची कीव आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं आहे, घरचे शोधत असतील.

"मला पुढच्या फाट्यावर उतरवा," अप्पा हात जोडून म्हणाले. "परतीच्या गाडीनं जातो. बारा वाजता साहेब यायलेत."

"हां, हां, यायलेत साहेब," बबिता समजुतीने म्हणाली, आणि आठ किलोमीटरवरच्या फाट्यावर तिने गाडी थांबवली. खाली उतरून, अप्पांचा हात धरून, तिने टपरीवाल्याला हाक मारली, "ओ दादा, काकाला खडकसावंगीच्या गाडीत बसवून द्या. थोडं ऐकून घ्या, उलटसुलट बोलतेत."

टपरीवाल्याने "व्हय व्हय" म्हणत अप्पांना रस्ता ओलांडून दिला आणि तो आपल्या भज्यांकडे परत गेला.

अप्पा उभे राहिले. ऊन डोळ्यांत घुसत होतं म्हणून गॉगल परत चढवला. डोळे असे की रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं याचा पत्ता नाही. लांबून काही लाल आलं की अप्पा हात करत. पहिल्यांदा विटांचा ट्रॅक्टर निघाला. दुसऱ्यांदा लग्नाच्या बँडचा टेम्पो होता. तो थांबलाही. वाजवणाऱ्यांनी विचारलं, "कोणत्या लग्नाला बाबा?" तिसरी खरोखरची बस होती, पण हात करायला उशीर झाला आणि ती धुरळा उडवून गेली.

शेजारी कोणी तरी येऊन उभं राहिल्याची चाहूल लागली. अप्पांनी विचारलं, "दादा, आता येईल ती गाडी कुठली हो?"

"पाटीवर लिहिलेलं राहतंय की. वाचायचं," आवाज म्हणाला.

हे वाक्य अप्पांनी चौकशीच्या खिडकीतून गेली कित्येक वर्षं दिवसातून शंभर वेळा म्हटलं होतं. ते बाहेरच्या बाजूने कसं ऐकू येतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. ऐकायला बरं नव्हतं.

बारा वाजून गेले असावेत. एक मोठा लाल धूसर ठोकळा घरघरत येऊन समोर थांबला. अप्पा त्याच्या पत्र्याला हात लावत दार शोधू लागले. "ओ, ही कुठं जायलीय? खडकसावंगी का?"

खिडकीतून एक शांत आवाज आला. "अप्पा, तुमी इथं कामून?"

"कोण? कोण वळखलं मला?"

"मी सिद्धोधन खंदारे. पंधरा वर्षं झाली तुमचा आवाज ऐकायलो. दार उजव्या हाताला, चार पावलं. पायरी उंच हाय."

अप्पा चढले. सरांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "माफ करा, गाडी पंक्चर झाली. फोन पिशवीत होता." मग अप्पांनी सगळी हकिगत सांगितली. घंटी वाजण्याच्या ठिकाणी सरांचा खांदा हलू लागला आणि बराच वेळ हलत राहिला.

"हसा सर, हसा," अप्पा म्हणाले. "पण ती पट्टी तुमच्यासाठीच टाकली हो."

"मी सोमवारी गेलो की तिच्यावरून. घाण्यात हात जायचा वाचला. तवापासून जुन्याच रस्त्यानं जातो. रसवंतीवरल्या आल्याचा वास आला की डावीकडं, छताखाली आवाज घुमला की सरळ." सरांनी तोंड अप्पांकडे वळवलं. "अप्पा, मी पट्टी मागितलीच नव्हती. तीन वर्षांखाली अर्ज देल्ता. गाडी लागली की माइकवर तिचं गाव अन् फलाट सांगत जा, एवढंच. तुमी म्हणलात, पाटीवर लिहिलेलं असतंय."

अप्पांना तो अर्ज आठवला. त्यांनी तो फाईलला लावला होता. व्यवस्थित, पंच मारून.

खडकसावंगीच्या स्थानकात गाडी शिरली तेव्हा साहेबांची जीप येऊन वीस मिनिटं झाली होती. साहेब जिल्ह्यात नवे, अप्पांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. संघप्रिया त्यांना एक नंबरचा फलाट तिसऱ्यांदा दाखवत होती. अप्पा कुठे गायब झाले हे तिला कळलं नव्हतं. "फिल्डवर आहेत," असं तिने आधी सांगितलं, मग "जवळच्याच फिल्डवर," आणि आता तिची फिल्डं संपत आली होती.

अशा वेळी गाडीचं दार उघडलं. आधी सिद्धोधन सर उतरले. गॉगल नाही, इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताठ मान, काठी घडी करून पिशवीत. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, काळा गॉगल लावलेले, हातात पांढरा दांडा धरलेले महालिंगअप्पा चाचपडत उतरले.

"आले का आपले दृष्टिहीन प्रवासी!" साहेब आनंदाने पुढे झाले आणि त्यांनी अप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "या बाबा, या. आणि तुम्ही यांचे...?"

"सोबत आलोय," सर म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

अप्पांनी झटकन हिशेब केला. मीच नियंत्रक म्हणावं, तर ड्युटीच्या वेळी शिपायाचा शर्ट घालून, तिकीट न काढता, आंधळ्याच्या सीटवर बसून स्थानक सोडून गेल्याचं कबूल करावं लागणार. न म्हणावं, तर आंधळा. दोन्हींपैकी आंधळा बरा, असा त्यांनी विचार केला. लांब कुठे तरी संघप्रियाने "अग्गं बाई" म्हटलेलं त्यांना ऐकू आलं.

"चालून दाखवा बरं बाबा, या आपल्या मार्गावरून," साहेब म्हणाले.

अप्पा निघाले. या वेळी कापूस नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. खाली पिवळा धूसर पट्टा, त्यावर माणसांचे डाग. रसवंतीला वळसा घालताना खांदा पुन्हा त्याच चाकाला घासला. मग टिपके लागले म्हणून ते थांबले, वळले, पुन्हा टिपके, पुन्हा वळले, आणि लिंबाला दोन प्रदक्षिणा घालून झाल्यावर साहेबांनीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

"हे असं का केलंय?" साहेबांनी विचारलं.

"फूल हाय साहेब," गर्दीतून माणिकराव अभिमानाने म्हणाले.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "बरं, ती ब्रेल पाटी वाचा बाबा."

अप्पांचं धाबं दणाणलं. ब्रेल त्यांना कुठली यायला! तेवढ्यात कानाशी सरांचा आवाज आला, "हात पोचत न्हाई म्हणा."

"हात पोचत न्हाई," अप्पा म्हणाले.

साहेबांनी स्वतः हात वर केला. त्यांचाही पोचेना. स्टूल आणलं. अप्पांना त्यावर चढवलं. दोघांनी पाय धरले. अप्पांनी पाटीवर बोटं फिरवली. गुळगुळीत काच लागली.

आणि कोण जाणे काय झालं. ती सगुणाबाई, तो बँडचा टेम्पो, ते "वाचायचं" म्हणणारं माणूस, सगळं अप्पांच्या डोक्यात एकदम चढलं. स्टुलावरूनच त्यांनी तोंड सोडलं.

"काय वाचू साहेब? काच वाचू? अन् ही पाटी लावली कोणासाठी, चिमण्यांसाठी? त्या पट्टीनं निघालो तर घाण्यात जातंय माणूस! न्हाई तर कोणत्या पण गाडीत! कुठली गाडी विचारलं तर म्हणतेत पाटी वाचा. अहो वाचता आलं असतं तर विचारलं कामून असतं? तोंडानं सांगायला काय जीभ झिजती का? तीन वर्षं झाली अर्ज देऊन, माइकवर बोला म्हणून! पंच मारून ठेवलाय फाईलला! कोणी बघितला का तो अर्ज?"

स्थानकावर टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सिद्धोधन सरांनी वाजवल्या.

"लिहून घ्या! शब्द न् शब्द लिहून घ्या!" साहेब गरजले. संघप्रियाने ओठ दाताखाली धरून लिहायला सुरुवात केली. "कोण आहे इथला नियंत्रक?"

"महालिंगअप्पा कोरे, साहेब."

"कुठे आहेत?"

"इथंच असतेत साहेब," संघप्रिया कागदातून मान वर न काढता म्हणाली, "पण आत्ता वळखू येईनात."

"कसा माणूस आहे तो, बाबा? घाबरू नका, खरं सांगा."

अप्पांनी गॉगल सावरला. "तसा... चांगला हाय."

"चांगला कसला! तुम्ही साधी माणसं, कोणालाही चांगलं म्हणता. तुमचं काय मत?" साहेबांनी सरांना विचारलं.

"माणूस वाईट न्हाई साहेब. फक्त त्याला दिसत न्हाई."

"नाव सांगा बाबा, तक्रारीवर घालायला."

"पंडित," अप्पांच्या तोंडून निघालं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सही मात्र करता येत नव्हती. स्थानकातल्या प्रत्येक रजिस्टरवर एकतीस वर्षं तीच सही होती. अप्पांनी अंगठा पुढे केला. संघप्रियाने शाईची पेटी धरली, आणि महालिंगअप्पा कोरे यांच्या कारभाराविरुद्धच्या सात मुद्द्यांच्या तक्रारीखाली महालिंगअप्पा कोरे यांचा डाव्या हाताचा अंगठा उमटला.

आठव्या दिवशी नोटीस आली. अप्पांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. दृष्टिहीन प्रवासी श्री. पंडित यांनी मांडलेल्या व्यथेची गंभीर दखल घेण्यात आली आहे. तीस दिवसांत सर्व त्रुटी दूर कराव्यात आणि तक्रारदाराचे समाधान झाल्याबद्दल त्यांचा अंगठा घेऊन अहवाल सादर करावा. अन्यथा सेवापुस्तिकेत नोंद घेण्यात येईल.

"आपलेच दात, आपलेच ओठ," अप्पा म्हणाले.

"सोपं हाय की अप्पा," संघप्रियाने धीर दिला. "अंगठा तर हाताशीच हाय. आज लावा, उद्या पाठवू."

अप्पांनी डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. अजून नखाच्या कडेला थोडी शाई होती. "आधी काम तर करू," ते म्हणाले. "अंगठा कुठं पळून जातो."

पहिल्या दिवशी त्यांनी माइक सुरू केला. "गंगाखेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." स्वतःचा आवाज ऐकून त्यांना लाज वाटली, मग हळूहळू गोडी लागली. पाटी छातीच्या उंचीवर आली, काच निघाली. माणिकरावांनी पडलेल्या तोंडाने फूल उखडलं आणि टिपके त्यांच्या जागी बसवले. रसवंती हलवायला सांगितल्यावर तिचा मालक अंगावर आला तेव्हा अप्पा हात जोडून म्हणाले, "माझं काही न्हाई हो. पण तो पंडित म्हणून एक तक्रारदार हाय, लय खट. थेट साहेबांपर्यंत जातो." मालकाने तीन दिवस त्या पंडितची गावात चौकशी केली. तो कुठे राहतो, कुणाचा माणूस आहे, कुणालाच सांगता येईना. ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्या मागे नक्कीच मोठा हात असणार, असं ठरवून त्याने रसवंती निमूटपणे भिंतीकडे सरकवली. वळणातल्या फरशा वाचल्या, त्यांत पट्टी चौकशीच्या खिडकीवरून पार पाचव्या फलाटापर्यंत गेली.

अठ्ठाविसाव्या दिवशी सिद्धोधन सर शाळा सुटल्यावर आले. काठी उघडून पट्टीवरून फाटकापासून पाचव्या फलाटापर्यंत एकटे गेले, पाटीवर बोटं फिरवली, परत आले. "झकास," ते म्हणाले. "पाटीवर एक स्पेलिंग चुकलंय, पण ते छापणाऱ्याचं."

संघप्रियाने शाईची पेटी आणि अहवाल टेबलावर ठेवला. "लावा अप्पा, सुटलो."

अप्पांनी अंगठा शाईजवळ नेला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे गच्च मिटले आणि दांडा घेऊन बाहेर पडले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा गुडघ्याला धूळ होती.

"काय झालं?"

"चार अन् पाच नंबरला माइक ऐकूच येत न्हाई. गाडीचं इंजिन चालू असलं की खलास. तिकडं वेगळा भोंगा पायजे."

"अप्पा, परवा मुदत संपायलीय!"

"मग मी काय करू? तक्रारदाराचं समाधान झालं न्हाई तर झालं न्हाई."

तेवढ्यात विभागाचा फोन वाजला. साहेब स्वतः होते. "कोरे, काय झालं त्या पंडितचं? घेतला का अंगठा?"

"न्हाई साहेब," अप्पा उभे राहून म्हणाले. "सगळं केलं, तरी ऐकंना. दोन फलाटांवर भोंगा बसल्याबिगर अंगठा देत न्हाई म्हणतो."

"समजावून सांगा की त्याला."

"लय समजावलं साहेब. माझं पण ऐकत न्हाई."

पलीकडे साहेबांनी कागद चाळल्याचा आवाज आला. "कठीण माणूस दिसतो."

"लय कठीण. एवढे दिवस मला वाटायचं, मवाळ हाय."

"बरं, पाठवतो भोंगे. पण त्याला निक्षून सांगा, ही शेवटची मागणी."

"सांगतो साहेब."

अप्पांनी फोन ठेवला, चष्मा चढवला आणि संघप्रियाच्या हातातली शाईची पेटी घेऊन तिचं झाकण घट्ट बसवलं.

"ही नीट ठेव, शाई वाळू देऊ नको," ते म्हणाले. "बायांच्या मुतारीकडच्या दोन पायऱ्यांचं मी साहेबांना अजून सांगितलेलं न्हाई."